अकरा सेकंदांचा फरक

आमच्या घरात उत्तराताईंची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते. छोटी गोष्ट माझे यजमान सांगतात. दर वर्षी गणपतीत मंडळात कोणी ना कोणी विचारतंच, आणि दिलीप लगेच सुरू होतात, "ताईला फॉरेन कंपनीची ऑफर होती हो, गुडगावला! पण सरकारी नोकरी सोडवली नाही तिला. सिक्युरिटी यार, दुसरं काय." एवढं बोलून प्रसादाचा द्रोण उचलतात की संपलं. ऐकणारे माना डोलावतात. मी बाजूला उभी असते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यांच्यावर नाही, माझ्यावर. कारण लांब गोष्ट मला ठाऊक आहे आणि ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

उत्तराताई माझ्या नणंद, दिलीपहून पाच वर्षांनी मोठ्या. एका मंत्रालयात स्टेनो. मी चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन ठाण्याहून दिल्लीला, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची बाल्कनी, काचा लावून बंद केलेली. त्या बाल्कनीत ताई राहायच्या. एक दिवाण, एक लोखंडी कपाट, एक खुर्ची. जूनमध्ये भट्टी, जानेवारीत बर्फ. बाल्कनी आणि माझा ओटा यांच्यामध्ये एक पातळ भिंत, तिलाही वर झरोका. मी कढीपत्ता तोडला तरी पलीकडे वास जायचा.

आणि घर कोणाच्या नावावर? त्यांच्याच! हे मला कळायला लग्नानंतर सहा महिने लागले, आणि कळलं तेव्हा मी दिलीपना म्हटलं, "अहो, म्हणजे मालकीण बाल्कनीत आणि आपण बेडरूममध्ये?" ते म्हणाले, "मालकीण कसली, सरकारचं घर आहे." झालं.

ते घर ताईंच्या नावावर कसं आलं, तर माझे सासरे अण्णा एक्याऐंशी साली निवृत्त व्हायचे होते. त्या वेळचा नियम असा, की बाप निवृत्त झाला आणि मूल केंद्र सरकारच्या नोकरीत असेल, बापाबरोबर राहत असेल, तर क्वार्टर मुलाच्या नावावर करून मिळायचं. दिलीप कॉलेजात. नोकरीत फक्त ताई. आणि मुलगी असेल तर ती बिनलग्नाची हवी. नेमकं त्याच हिवाळ्यात पुण्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा ताईंना आवडला होता, ताई मुलाला. अण्णांनी पुण्याला कळवलं, जरा सहा महिने थांबू या, घराचं होऊन जाऊ दे. पुण्याची मंडळी थांबली नाहीत. अर्जात एक इंग्रजी ओळ होती, मी सिंगल आहे आणि वडिलांजवळ राहते. ती ओळ ताईंनी स्वतः टाइप केली, खाली तीन कार्बन घालून. स्टेनोच ना शेवटी.

पुढे अण्णा गेले, सासूबाई गेल्या, आमची मैत्रेयी झाली. दिलीप औषधं विकायचे, कंपन्या बदलायचे, मधूनमधून घरीही बसायचे. ताई रोज पावणेनऊच्या चार्टर्ड बसनं ऑफिसला जायच्या आणि सव्वासहाला परत यायच्या. ताईंनी सरकारी नोकरी सोडली तर क्वार्टर गेलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं, एवढंच. जेवायला बसलं की ताटाबरोबर तेही वाढलेलं असायचं.

आता रेकॉर्डींचं सांगते. ताई जेवणाच्या सुट्टीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका परदेशी वाचनालयात जायच्या. तिथं कानाला हेडफोन लावून गाणी ऐकता यायची. तिथंच त्यांना हे सोल म्युझिकचं वेड लागलं. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची साठच्या दशकातली गाणी. "चर्चमध्ये देवाला हाका मारणारी माणसं बाहेर येऊन माणसांना हाका मारायला लागली, तेच हे," असं ताई सांगायच्या. मला सुरुवातीला तो निव्वळ आरडाओरडा वाटायचा. मग चाणक्यपुरीतली एक अमेरिकन बाई बदली होऊन निघाली, तिनं घरातलं सामान विकायला काढलं, आणि ताई तिथून प्लेअर, हेडफोन, दोन-चार मोठ्या रेकॉर्डी आणि छोट्या रेकॉर्डींचं एक खोकं घेऊन आल्या. रिक्षात खोकं मांडीवर धरून, जणू तान्हं मूल.

त्या छोट्या रेकॉर्डी म्हणजे सिंगल्स. एका बाजूला एकच गाणं, आणि मध्ये मेदूवड्यासारखं एवढं मोठं भोक! आपल्या प्लेअरच्या खुंटीवर ती बसेचना. ताईंनी जवळच्या मुनिरक्याच्या सुताराकडून लाकडाची एक चकती करून घेतली. मग दर शनिवारी दुपारी हेडफोन घालून, शॉर्टहँडच्या वहीत, टोकदार पेन्सिलीनं त्या गाणी उतरवून घ्यायला लागल्या. नुसते शब्द नाहीत हं. कुठे ड्रम आला, कुठे बाईनं श्वास घेतला, कुठे टाळ्या पडल्या, सगळं. हातात स्पीड-टेस्टचं स्टॉपवॉच. साहेबाचं डिक्टेशन घेतल्यासारखं त्या गाण्याचं डिक्टेशन घ्यायच्या. ती वही जगात दुसऱ्या कोणाला वाचता आली नसती.

कशासाठी? तर तेच गाणं मोठ्या रेकॉर्डीवर, एलपीवर, वेगळं असतं म्हणून. मला आधी पटेना. "अहो ताई, गाणं एकच, बाई तीच, वेगळं काय असणार?" तेव्हा त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. सिंगल रेडिओसाठी केलेलं, त्यामुळे मोनो. सगळे आवाज एका जागेवरून, ड्रम पुढे, बाई थेट कानाशी, आणि पावणेतीन मिनिटांच्या आत खेळ खलास. एलपी लोकांनी घरात निवांत ऐकायची, म्हणून तीत वाद्यं डावी-उजवीकडे पांगलेली, मागे व्हायोलिनं चढवलेली, शेवट लांबवलेला. कधी सिंगलमध्ये खंजिरी असते, एलपीत गायब. कधी एलपीत एक कडवं जास्त. "स्वयंपाक तोच गं," ताई म्हणाल्या, "पण एक पाहुण्यांसाठी घाईत वाढलेला आणि एक घरच्यांसाठी." खरं सांगते, मला फरक ऐकू आला. आणि एकदा ऐकू आला की मग तो कानातून जात नाही.

मैत्रेयी तेव्हा सहा वर्षांची. गाणं शेवटी हळूहळू बारीक होत जातं ना, त्याला ताई म्हणायच्या विरणं. दिल्लीत वाढलेलं पोर, तिला विरणं कुठलं ठाऊक! तिला विरजण तेवढं माहीत. एक दिवस ओरडत आली, "आई, आत्याच्या गाण्याला विरजण लागलं!" आम्ही दोघी हसून हसून बेजार. तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द. सिंगलला विरजण लवकर लागतं, एलपीला उशिरा.

त्यांची सगळ्यात लाडकी एक रेकॉर्ड होती, निळ्या लेबलची. गाणारीचं नाव मी कधी लक्षात ठेवलं नाही, मी तिला कुकरवाली म्हणायची, कारण मागचा ड्रम शिट्टीच्या आधी कुकर फुरफुरतो तसा वाजायचा. दोन मिनिटं अडतीस सेकंद. शेवटी ती बाई काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि नेमकं तिथं विरजण. ताई त्या जागेवर सुई पुन्हा पुन्हा ठेवायच्या. "काय म्हणत असेल ही?" नऊ वर्षं हा प्रश्न आमच्या घरात होता.

एकोणनव्वदमध्ये दिलीपनी नोएडातल्या एका सोसायटीत फ्लॅट बुक केला. सह्याद्री नाव, सगळी मराठी माणसं. खांब उभे राहिले आणि तिथंच थांबले. रविवारी आम्ही स्कूटरवरून ते खांब बघायला जायचो. सभोवती मोकळं रान, नीलगायी चरताहेत, आणि दिलीप बोटानं हवेत दाखवायचे, ही बैठकीची खोली, ही मैत्रेयीची खोली. पझेशन कधी? मार्चमध्ये. कुठल्या मार्चमध्ये ते सोसायटीचा सेक्रेटरी सांगत नव्हता. फ्लॅट होईपर्यंत ताईंना हलता येत नव्हतं, आणि फ्लॅट काही होत नव्हता. एकदा भांडी आवरताना त्या सहज म्हणाल्या, "काय आहे गिरिजा, या घराला मी सिंगलच परवडते." मी ऐकलं न ऐकलंसं केलं. आणखी काय करणार होते?

मग त्र्याण्णवच्या डिसेंबरात तो जाहिरातीचा घोळ झाला. ताईंना आणखी सिंगल्स हव्या होत्या. दूतावासातली माणसं जाताना टाकून जातात, जुन्या बाजारातही येतात. म्हणून त्यांनी एका इंग्रजी पेपरात चार ओळी दिल्या. मराठीत सांगायचं तर अशा, ‘साठीचे सिंगल्स हवेत. सोल असावा. मोनोला प्राधान्य. थोडे ओरखडे असले तरी हरकत नाही.’ काउंटरवरच्या शहाण्यानं ती नेऊन टाकली विवाहविषयक जाहिरातींत!

बाई गं, पत्रं आली तेवीस! सगळे साठीचे, सगळे सिंगल. एकानं आत्मा शुद्ध असल्याची ग्वाही दिली होती. सरोजिनी नगरच्या एका विधुरानं लिहिलं होतं, की मोनो म्हणजे आपल्याला एकपत्नीव्रत अपेक्षित असावं, ते मला बिल्कुल मान्य आहे, आणि ओरखड्यांचं म्हणाल तर दोन वर्षांपूर्वी माझं बायपास झालं. दिलीपनी ते पत्र मोठ्यानं वाचलं. ताई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग पाणीच येत राहिलं, आणि त्या उठून बाल्कनीत गेल्या.

चोविसावं पत्र टाइप केलेलं होतं. जयदीप सबनीस, मुंबईचा माणूस, गुडगावला नव्यानं आलेल्या एका परदेशी म्युझिक कंपनीत मॅनेजर. त्यानं लिहिलं होतं, ‘आपली जाहिरात चुकीच्या रकान्यात आहे. मला हसू आवरलं नाही. पण आपल्याला मोनो आणि स्टिरिओतला फरक कळत असेल तर मला आपल्याला भेटायचं आहे.’

तो एका रविवारी आला, पांढऱ्या मारुतीतून. तिशीचा, टाय लावलेला, पण बूट दारात काढून आत आला. त्यांची कंपनी जुन्या सोल गाण्यांच्या कॅसेटी आणि सीडी काढणार होती. बाहेरून टेप यायच्या, त्यावर सिंगल म्हणून लिहिलेलं असायचं, पण आत खरोखर सिंगल आहे की आणखी काही, हे सांगणारं दिल्लीत कोणी नव्हतं. त्यानं बॅगेतून कॅसेट काढली. नेमकी कुकरवाली.

ताईंनी डोळे मिटून ऐकलं आणि गाणं संपल्याबरोबर म्हणाल्या, "हे सिंगल नाही. हे एलपीचंच आहे, शेवट आधी कापून छोटं केलंय."

"कशावरून, मॅडम?"

"सिंगलमध्ये खंजिरी पहिल्या ओळीपासून आहे. इथं दुसऱ्या कडव्याला आली." त्यांनी वही उघडून त्या रेघोट्यांवर बोट ठेवलं. जयदीपनं सिंगल लावून ऐकलं. मग दुसरी कॅसेट काढली. "ही पूर्ण एलपीची. ऐकलीय कधी?"

ताईंनी नव्हती ऐकली. दोन अडतीस झाले. विरजणाची जागा आली आणि गेली, गाणं चालूच राहिलं. वाद्यं एकेक करून थांबली. आणि गाणारीला वाटलं असावं की टेप बंद झाली. ती दमलेल्या आवाजात, साध्या बोलण्यात, कोणालातरी विचारते, आता मी जाऊ का? एवढंच. दोन एकोणपन्नासला बंद.

अकरा सेकंद. मैत्रेयी म्हणाली, "मग ती गेली का?" ताई म्हणाल्या, "ते रेकॉर्डवर नाहीये, बेटा."

निघताना जयदीप म्हणाला, "आम्हाला कान हवाय, मॅडम. तुमच्यासारखा. मार्चमध्ये पत्र पाठवतो." आणि कार्ड देऊन गेला.

पुढचे दोन महिने ताईंना मी कधी पाहिलं नव्हतं तसं पाहिलं. सकाळी गुणगुणायच्या. दोन कडक इस्त्रीच्या साड्या आणल्या. दिलीपना विचारलं, "पझेशनचं काय रे?" ते म्हणाले, "मार्चमध्ये नक्की." दिलीप त्या वेळी पुन्हा घरीच होते, नोकरी शोधत. ताई गेल्या तर आम्ही कुठे जायचं? खांबांवर? मैत्रेयीची शाळा? भाड्याचं घर कोण देणार बेकार माणसाला? खोटं कशाला बोलू, मला ताईंचं गुणगुणणं ऐकवेना.

अठरा मार्चला, शुक्रवारी, पत्र आलं. जाड पाकीट, कोपऱ्यात कंपनीचं नाव. मी घरात एकटी होते. कुकर लावलेलाच होता. त्याच्या वाफेवर मी पाकीट उघडलं. होय, मी. असं कधी करीन हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं. लिहिलं होतं, एक मेपासून रुजू व्हावं आणि सव्वीस मार्चपर्यंत लेखी होकार कळवावा. मी ते परत चिकटवलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, गाठ मारली आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात, डाळीखाली खुपसून ठेवलं.

तो डबा पितळी, माझ्या आईनं लग्नात दिलेला. झाकण इतकं घट्ट की तळहातानं खालून ठोसा मारल्याशिवाय निघायचं नाही. आमच्याकडे रोज तुरीचं वरण, त्यामुळे रोज सकाळी साडेसहाला तो उघडायचा. त्या दिवसापासून मला त्याला हात लावायची भीती वाटायला लागली. मी मूग लावायला लागले. दिलीप म्हणाले, "रोज रोज मूग काय? घरात कोणी आजारी आहे का?"

आणि ताई रोज संध्याकाळी चपला काढता काढता विचारायच्या, "काही टपाल, गिरिजा?"

"नाही हो ताई."

"अच्छा," म्हणायच्या आणि हातपाय धुवायला जायच्या. रोज तेच. मला धाकधूक की या जयदीपला फोन करतील. कार्ड होतंच त्यांच्याकडे. पण त्यांनी नाही केला. मला वाटलं, वाचले.

सत्तावीसला होळी होती. अठ्ठावीसला, सोमवारी, मी पाकीट पुसून त्यांच्या दिवाणावर ठेवलं. त्या आल्यावर म्हणाले, "बघा ना, आज आलं. पोस्टाची पण कमाल आहे!" त्यांनी पाकिटावरचा शिक्का बघितला. मग पाकीट उलटं करून चिकटवलेली बाजू बघितली. आत वाचलं, घडी घातली. "तारीख गेली की," म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. मी, निर्लज्ज, वर म्हणाले, "फोन करून बघा ना एकदा." त्या म्हणाल्या, "राहू दे." आणि हेडफोन घालून बसल्या. प्लेअर चालू नव्हता. तबकडी फिरत नव्हती, मला झरोक्यातून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊची बस. पुढची चार वर्षं पावणेनऊची बस. वह्या भरत गेल्या. दोन वर्षांनी त्या कंपनीनं सोलची मालिका बंद केली आणि गुडगावचं ऑफिसही हलवलं. पेपरात वाचून मी काय बोलले माहीत आहे? "बघा, बरंच झालं ना ताई, अडकला असतात." त्या नुसत्या हसल्या. जीभ झडली नाही माझी.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये एकदाचं पझेशन मिळालं. ताई आमच्याबरोबर यायच्या नव्हत्या. "ऑफिस इथं आहे, मी इथंच बरी," म्हणाल्या. सामान न्यायच्या दिवशी दिलीप खाली ट्रकपाशी, मैत्रेयी शेजाऱ्यांकडे, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात डबे रद्दीत गुंडाळत होतो. तो पितळी डबा हातात आला आणि माझं अवसान गेलं. चार वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरत होते. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

"ताई, ते पत्र पोस्टानं उशिरा नव्हतं आणलं. मी..."

"या डब्यात होतं," ताई म्हणाल्या. कागद गुंडाळणारा हात थांबला नाही.

मी डबा ओट्यावर ठेवला. "तुम्हाला... कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. शनिवार होता, मी घरी. पंधरा वर्षं होत आली, सकाळी साडेसहाला भिंतीपलीकडे हा डबा टण् करून वाजतो. त्या दिवशी वाजला नाही. अगं, गाण्यातून एक खंजिरी काढली तर मला कळतं, आणि घरातून एक आवाज गेला तर कळणार नाही? तू भाजीला गेलीस, मी उघडून पाहिला."

लग्नाला चौदाच वर्षं झाली होती, पण हिशेब दुरुस्त करायची ती वेळ नव्हती. "मग घेतलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. "तुमचं पत्र होतं! घ्यायचं आणि जायचं!"

"वाचलं, परत ठेवलं. तू गाठ डावीकडून मारतेस, तशीच मारली." त्या खुर्चीवर बसल्या. "मला वाटलं, तू देशील. आज देशील, उद्या देशील. म्हणून तर रोज विचारत होते ना, काही टपाल म्हणून. तू दिलं असतंस तर मी गेले असते, गिरिजा. खरंच गेले असते. तुमच्या डोक्यावरचं छप्पर काढून, तुम्हाला न सांगता जाणं मला जमलं नसतं. पण तू हातात ठेवलं असतंस तर जमलं असतं."

"मग सरळ विचारायचं होतंत! जाऊ का म्हणून!"

"विचारलं असतं तर तू जा म्हणाली असतीस. तोंडावर नको कोण म्हणतं?" त्या झरोक्याकडे बघत होत्या. "अण्णांना विचारलं होतं मी, पुण्याच्या वेळेला. तेही जा म्हणाले होते. म्हणाले, खुशाल जा. आणि अर्जाचा कागद माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवला. म्हणून या वेळी विचारलं नाही. नुसतं ऐकत बसले."

मी रडले. ढसाढसा रडले, लहान पोरासारखी, आणि त्या काही माझे डोळे पुसायला उठल्या नाहीत. बरं केलं. खालून ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. दिलीपनी हाक मारली, "अगं चलो, किती वेळ!"

मी डबा गुंडाळायला घेतला. ताईंनी हात पुढे केला. "तो राहू दे इथं," म्हणाल्या. "त्याच्यामुळं मला सकाळ झालेली कळते."

आईनं दिलेला डबा. मी ठेवून आले.

आता ताई बेडरूममध्ये झोपतात, बाल्कनीत रेकॉर्डी आहेत, आणि स्पीकर लावून मोठ्यानं ऐकतात. अजून ऑफिसला जातात. मी महिन्यातून एकदा जाते, त्या मला वरण-भात वाढतात, आधीसारखंच बोलतात. माझ्या नोएडाच्या स्वयंपाकघरात तुरीची डाळ प्लास्टिकच्या बरणीत असते. तिचं झाकण फिरवून उघडायचं, आवाज होत नाही.